डुकरांच्या शेडमधली कावीळ आणि आपल्या विहिरी: एका वराहपालक बाईचं खुलं पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत पशुसंवर्धन, आरोग्य आणि पाणीपुरवठ्याचं काम बघणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

सावंतवाडी तालुक्यात आमची डुकरांची शेड आहे. नवरा-बायको मिळून चालवतो, लहानमोठी धरून चाळीसेक जनावरं असतात आणि गिऱ्हाईक बरंचसं गोव्याचं. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून ही बाई डुकरांच्या विरोधात आहे असं कोणाला वाटायला नको, आमचं घरच त्यांच्यावर चालतं. माझी मागणी एकच आहे. आमच्या डुकरांची हिपॅटायटिस ई साठी, म्हणजे लिव्हरला धरून कावीळ करणाऱ्या एका विषाणूसाठी, तपासणी करा, ती सरकारी खर्चाने करा, आणि जे काही निघेल ते लपवू नका आणि त्याचा बाऊही करू नका. का म्हणते ते लिहिते, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

कावीळ आपल्याकडे कोणाला नवीन नाही. पाऊस सुरू झाला की कुठल्या ना कुठल्या वाडीत कोणाचे तरी डोळे पिवळे होतात, मग कोणी झाडपाल्याचं औषध आणतं, कोणी डोक्यावर काविळीची माळ घालतं, महिनाभर तेल-तिखट बंद आणि बहुतेक जण बरे होतात. बरे होतात म्हणूनच ती कुठली कावीळ होती ते कोणी विचारत नाही. ए का बी का ई, कोणाला पडलेलं नसतं. पण ई ची गोष्ट वेगळी आहे कारण ती गरोदर बाईला सोडत नाही. शेवटच्या तिमाहीत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दरवर्षी साधारण २ कोटी लोकांना याची लागण होते, त्यातल्या ३३ लाखांना लक्षणं दिसतात, आणि २०१५ मध्ये ४४,००० माणसं याने गेली असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या देशाला तर याचा जुना अनुभव आहे, १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं आणि २९,००० च्या आसपास लोकांना कावीळ झाली, तेव्हा हा विषाणू कोणाला माहीतच नव्हता, त्या साथीचे जपून ठेवलेले नमुने पुढे कित्येक वर्षांनी तपासले तेव्हा कळलं की ती ई होती.

आता डुकराचा संबंध काय ते सांगते, आणि इथे कृपया घाई करू नका, कारण अर्धवट ऐकून गावात काय होतं ते आम्ही २००९ मध्ये बघितलंय. स्वाइन फ्लू आला, पुण्यात माणसं जायला लागली, तो आजार माणसाकडून माणसाला खोकल्यातून होत होता, पण नावात डुक्कर होतं एवढ्यावर आमच्यासारख्यांचा धंदा बसला. लोक आमच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जायचे.

तर हिपॅटायटिस ई चे मुख्य चार प्रकार माणसाला होतात. एक आणि दोन नंबरचे फक्त माणसात राहतात आणि माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. तीन आणि चार नंबरचे डुकरांत, रानडुकरांत, हरणांत असतात आणि तिथून माणसात येऊ शकतात. डुकरातला विषाणू पहिल्यांदा सापडला १९९७ मध्ये, अमेरिकेत. मग आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, भारतातली डुकरं तपासली तेव्हा त्यांच्यात चार नंबरचा प्रकार मिळाला, आणि भारतात माणसांमध्ये ज्या साथी येतात त्या एक नंबरच्या. म्हणजे सरळ अर्थ असा की पावसाळ्यात गावात काविळीची जी साथ येते तिला डुकरं जबाबदार नाहीत, ती माणसाच्याच संडासाचं पाणी विहिरीत उतरल्याने येते. हे वाक्य मला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून हवंय. कावीळ आली की पहिली तक्रार आमच्या शेडवर होते आणि फुटलेला सेप्टिक टँक तसाच राहतो.

मग मीच तपासणी का मागतेय? कारण चीन, जपान, तैवान इथे हाच चार नंबरचा प्रकार माणसांना झालाय. युरोपात तीन नंबरचा इतका पसरला की ब्रिटनने २०१६ पासून आणि नेदरलँड्सने २०१७ पासून दान केलेलं रक्त यासाठी तपासायला सुरुवात केली. किडनी बदललेल्या पेशंटमध्ये हा विषाणू बरा न होता वर्षानुवर्षं लिव्हर खात राहतो हेसुद्धा तिकडे दिसलंय. आणि जपानमध्ये २००३ मध्ये हरणाचं कच्चं मांस खाल्लेल्या लोकांना कावीळ झाली, त्यांच्या फ्रीजरमध्ये त्याच मांसाचा तुकडा शिल्लक होता, तो तपासला तर त्यातला विषाणू आणि पेशंटच्या रक्तातला विषाणू एकच निघाला. याहून स्पष्ट पुरावा काय हवा. आपल्याकडे काय स्थिती आहे? आपल्याकडे बघितलंच जात नाही. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, कावीळ म्हणून गेलं की बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळेपणा, बघतात, बी ची टेस्ट करतात, साथ मोठी असेल तर नमुने पुढे जातात, एकट्यादुकट्या पेशंटला ई ची ताजी लागण दाखवणारी आयजीएम टेस्ट कोण लिहून देतो, आणि प्रकार कुठला हे तर फारच पुढची गोष्ट. एखाद्या कसायाला किंवा माझ्यासारख्या बाईला उद्या चार नंबरचा झाला तरी कागदावर नुसतं कावीळ एवढंच लिहिलं जाणार.

आता मूळ मुद्दा. या विषाणूने डुकराला काहीच होत नाही. ताप नाही, खाणं कमी नाही, वजन घटत नाही. पिल्लं दोन ते चार महिन्यांची असताना, आईकडून मिळालेली ताकद संपली की त्यांना लागण होते, काही आठवडे शेणातून विषाणू बाहेर पडत राहतो आणि मग आपोआप थांबतो. सहा महिन्यांनी कापायला जातं तेव्हा बहुतेक जनावरं त्यातून गेलेली असतात, थोड्यांच्या कलेजीत मात्र तेव्हाही विषाणू असू शकतो. लाळ-खुरकूत आली तर मी रात्री डॉक्टरांना फोन करीन, डुक्कर ताप आला तर सगळी शेड जाते म्हणून लस टोचून घेते, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला तेव्हा आम्ही बाहेरचं पिल्लू आणणंच बंद केलं होतं. कारण तिथे आमचं नुकसान आहे. हिपॅटायटिस ई मध्ये आमचं एक रुपयाचं नुकसान नाही. नुकसान झालंच तर ते खालच्या वाडीतल्या गरोदर बाईचं, खाडीत कालवं काढणाऱ्याचं, मुंबईत किडनी बदलून गावाला आलेल्या माणसाचं. ज्या आजारात पाळणाऱ्याला झळ लागत नाही तो आजार पाळणारा स्वतःच्या खिशातून कधीच थांबवणार नाही, मी कितीही चांगली असले तरी नाही, माझ्यासारखे दहा जण तर नाहीच नाही. म्हणून हा खर्च सरकारने उचलायचा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के अनुदान देताय, चांगलं करताय, पोरं मुंबईहून परत येऊन शेड टाकायला लागलीत. त्या अनुदानाच्या फाईलमध्ये पिल्लांची जात, पिंजरे, पाण्याची टाकी सगळं विचारतात, शेण-मूत कुठे जाणार हा प्रश्न मात्र एका ओळीत संपतो. तिथे थांबा जरा.

शेण कुठे जातं ते मी सांगते. रोज सकाळी पाइप लावून शेड धुतात, ते पाणी उताराने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातं. व्हाळ नदीला, नदी खाडीला. आपल्याकडे जमीन जांभ्याची, वरून दगड दिसतो पण आतून भोकंच भोकं, पाणी मुरायला वेळ लागत नाही. घाटावरच्या काळ्या मातीत चालणारा शोषखड्डा आपल्याकडे मारला तर तो गाळतबिळत काही नाही, सरळ पुढच्या बावीत, म्हणजे विहिरीत, नेऊन सोडतो. त्यात आपला पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या वर, जूनमध्ये मिरग लागला की आठवड्यात बाव काठापर्यंत येते, म्हणजे जमिनीवरचं आणि विहिरीतलं पाणी जवळजवळ एकच होतं. आमच्या शेडच्या खालच्या अंगाला दोन विहिरी आहेत. त्या घरातल्या बायका मला ताई म्हणतात, एक जण आत्ता सातव्या महिन्यात आहे. आम्ही धुण्याचं पाणी अडवून सिमेंटच्या टाकीत घेतो, ती टाकी आम्ही स्वतः बांधली, पण पावसाळ्यात ती भरून वाहते आणि मला झोप लागत नाही हे खरं सांगते.

टीसीएल पावडरचा, म्हणजे विहिरीत टाकायच्या क्लोरीनच्या पावडरचा, विषय निघणार हे माहीत आहे. जलसुरक्षक दादा येतात, पावडर टाकतात, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट करतात, वर्षातून पाण्याचा सर्व्हे होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. चांगली पद्धत आहे आणि क्लोरीन नीट पडलं तर पुष्कळ फरक पडतो. पण ते सार्वजनिक विहिरीला. घरागणिक असलेल्या खाजगी विहिरीत कोण पावडर टाकतं? आणि लॅबमध्ये पाणी तपासतात ते जंतूंसाठी, विषाणूसाठी नाही, म्हणजे रिपोर्ट चांगला आला तरी विषाणू नाहीच असं त्यावरून म्हणता येत नाही. गरोदर बाई ज्या घरात आहे त्या घराच्या विहिरीत पावसाळाभर आशाताईंनी स्वतः उभं राहून क्लोरीन टाकून घ्यावं आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळायला सांगावं, हे तर उद्यापासून होण्यासारखं आहे. याने एक नंबरचाही थांबेल आणि चार नंबरचाही.

खाडीचं थोडं बोलते कारण ते कोणी बोलतच नाही. तिसऱ्या, मुळे, कालवं, शिनाणे हे सगळे पाणी गाळून जगणारे जीव, पाण्यात जे असेल ते पोटात साठवतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत हा विषाणू सापडलाय. २००८ मध्ये एका ब्रिटिश प्रवासी जहाजावर साथ झाली, रक्त तपासलेल्या ७८९ प्रवाशांपैकी ३३ जणांना ताजी लागण निघाली, विषाणू तीन नंबरचा, आणि संबंध जुळला तो जहाजावर खाल्लेल्या शिंपल्यांशी. आपण तिसऱ्या कशा करतो? वाफेवर तोंड उघडलं की झालं, जास्त शिजवल्या तर रबरासारख्या होतात म्हणून. तेवढ्या वाफेत हा विषाणू मरतो असं धरून चालता येत नाही. मांसातला पूर्ण निकामी व्हायला आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस उष्णता वीस मिनिटं लागते असं प्रयोगात दिसलंय. म्हणून मी मच्छीमार भगिनींच्या पोटावर पाय आणायला सांगत नाहीये, मी व्हाळात शेण जाऊ देऊ नका म्हणतेय. खाडीच्या वर जिथे नवीन मोठी शेड मंजूर होईल तिथे शेणाची पक्की टाकी आणि पावसाचं पाणी वेगळं काढायची गटारं बांधून झाल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सोडू नका. विहिरीपासून आणि व्हाळापासून किती अंतर हवं ते जांभा बघून ठरवा, पुण्या-मुंबईत बसून छापलेला आकडा इथे चालणार नाही. दापोलीला आपलं कोकण कृषी विद्यापीठ आहे, त्यांना विचारा, इथला दगड आणि इथला पाऊस त्यांना माहीत आहे. आणि शेण छपराखाली ढीग लावून चांगलं तापवून, कुजवून मगच बागेत जाऊ दे, ओलं शेण भाजीच्या वाफ्यात नको, हे मी स्वतः करते.

शेडच्या आत काय करता येतं तेही लिहिते म्हणजे तुम्ही प्रशिक्षण लावाल तेव्हा उपयोगी पडेल. वेगवेगळ्या माद्यांची पिल्लं एकत्र करू नयेत, एका खणातली सगळी एकदम भरावी आणि एकदम काढावी, मधे खण रिकामा करून धुऊन वाळवावा. पिल्लांच्या खणाला वेगळे गमबूट, वेगळं फावडं. उंदीर आवरावेत, उंदरांचा स्वतःचाही एक हिपॅटायटिस ई आहे आणि तोही माणसात सापडलाय. हॅण्ड सॅनिटायझरवर विसंबू नये, शेणातल्या या विषाणूला चरबीचं आवरण नसतं त्यामुळे स्पिरिटचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही, साबणाने हात चोळून धुवावे आणि शेड आधी घासून स्वच्छ करून मग ब्लीचिंग मारावं. हॉटेलचं खरकटं आणतो आम्ही सगळेच, मालवण-गोव्याच्या सीझनमध्ये ते भरपूर मिळतं, त्यात पोर्कचे कच्चे तुकडे असतात, ते उकळल्याशिवाय घालू नये. आणि ज्या घरात सून गरोदर आहे तिथे तिला शेण काढायला, जनावर कापल्यावर आतडी-कलेजी धुवायला लावू नये. ही शेवटची गोष्ट फक्त डॉक्टर बाईंनी सांगून ऐकली जात नाही, तुमचा पशुधन पर्यवेक्षक शेडमध्ये उभा राहून सासूबाईंसमोर बोलला तर ऐकतील.

खाण्याबद्दल मात्र एक विनंती आहे. डुकराचं मटण खाऊ नका अशी नोटीस काढू नका. आपल्याकडे इंदयाल, सोरपोतेल, सॉसेज भाजी सगळं भरपूर शिजतं, सॉसेज कोणी कच्चं खात नाही. फ्रान्समध्ये डुकराच्या कलेजीचं एक सॉसेज कच्चं खायची पद्धत आहे आणि तिथे त्यातूनच लोकांना लागण झाली, जपानने २०१५ मध्ये हॉटेलांत डुकराचं कच्चं मांस आणि कलेजी द्यायला बंदीच घातली. आपल्याला बंदीची गरज नाही. नीट शिजवा, तव्यावर अर्धवट परतलेली कलेजी नको, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका, एवढं सांगितलं तरी पुरे. कसायांना हातमोजे, एप्रन आणि वाहतं पाणी असलेला एक कट्टा बांधून द्या, आत्ता रविवारी सकाळी अंगणातच कापलं जातं आणि रक्तपाणी शेजारच्या गडग्याखालून जातं. आणि रानडुकराची शिकार, जी कायद्याने गुन्हा आहे आणि तरी रात्री होते आणि सकाळी घरोघर वाटे जातात, त्याबद्दलही बोला. त्या जनावराची तपासणी कोणीच केलेली नसते, उघड्या हातांनी फाडतात, आणि कोणाला कावीळ झाली तर शिकारीचं नाव निघेल म्हणून डॉक्टरला सांगतही नाहीत.

तपासणी म्हणजे फार मोठं काही मागत नाहीये. प्रत्येक जनावराला सुई टोचायची गरज नाही, दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांच्या खणातलं शेण एकत्र करून नमुना घेता येतो, कापताना कलेजीचा तुकडा घेता येतो. पहिलं वर्ष नुसतं माहिती म्हणून करा. नमुना पॉझिटिव्ह आला म्हणून शेड बंद नाही, जनावरं मारायची नाहीत, पाळणाऱ्याचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, हे लेखी द्या, नाहीतर एकही माणूस नमुना देणार नाही. आणि त्याच वर्षी त्याच गावांतल्या काविळीच्या पेशंटची, गरोदर बायकांची तर नक्कीच, ई ची टेस्ट फुकट करा आणि पॉझिटिव्ह नमुन्यांचा प्रकार पुण्याहून बघून घ्या. शेडमधला आणि माणसातला एकच निघतो का, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर पुढे किती पैसा कुठे घालायचा ते तुम्हालाच कळेल. माणसांसाठी लस आहे, चीनमध्ये २०११ मध्ये मान्यता मिळालेली, २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेन्टिऊच्या छावणीत साथ आवरायला ती पहिल्यांदा वापरली गेली, पण तिच्या भरवशावर आपण बसू शकत नाही, आपल्याला शेण आणि पाणीच बघायचंय.

तुम्ही म्हणाल पशुसंवर्धन वेगळं, आरोग्य वेगळं, पाणी वेगळं, फाईल कोणाची. २०१६ मध्ये दोडामार्गात गोचिडीतून होणारा माकडताप आला तेव्हा हाच प्रश्न होता, माकड वनखात्याचं, गोचीड जनावराच्या डॉक्टरांची आणि ताप पीएचसीचा. काजूच्या बागेत जाणारी माणसं आजारी पडली तेव्हा सगळ्यांना एका टेबलाशी बसावंच लागलं आणि मेलेलं माकड दिसलं की कळवायचं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं. तिथे माणसं गेल्यावर बसलात. इथे अजून वेळ आहे, या वेळी आधी बसा.

१ मेच्या ग्रामसभेला तिन्ही खात्यांचा एकेक माणूस पाठवा, मिरगाच्या आधी टाक्यांचं आणि विहिरींचं काम होऊ शकतं, नंतर नाही. पहिला नमुना आमच्या शेडचा घ्या. पिल्लं सध्या अडीच महिन्यांची आहेत, वय अगदी बरोबर आहे, फक्त येण्याच्या आदल्या दिवशी सांगा म्हणजे सकाळी शेड धुवायची थांबवते.

आपली,
एक वराहपालक, सावंतवाडी तालुका